तारेला बोर्डो

गणपय्या हेगड्याचं फोनवरचं बोलणं ऐकायला त्याच्या घरी जावं लागत नसे. ओढ्याच्या अलीकडे माझ्या गोठ्यात उभं राहिलं तरी पुरे. आमच्या खोऱ्यात टेलिफोनची तार पहिल्यांदा आली ती त्याच्याच घरी, आणि तेव्हापासून हा माणूस असा ओरडून बोलायचा की जणू सिरसीपर्यंत आवाज आपणच पोचवायचा आहे, तार नुसती शोभेला. सकाळी धणे-जिऱ्याचं कषाय पिऊन झालं की ओसरीवरच्या बाकावर मांडी घालायची, टेलिफोन मांडीवर घ्यायचा आणि सुरू. सुपारीचा भाव काय, कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचं मोडलं, मठात कोण पायावर पडलं आणि कोण नुसतं हात जोडून उभं राहिलं. ऐकणाऱ्याला किती कळायचं देव जाणे, पण आम्हाला सगळं कळायचं.

डोंगरावर खडकापाशी मोबाइलला रेंज मिळते असं कळल्यावर बाकीच्यांनी घरातले फोन परत केले. मीही केला. गणपय्याने उलटं केलं. त्याने मोबाइल घेतलाच नाही, एका फोनाचे चार केले. एक ओसरीवर, एक स्वयंपाकघरात, एक माडीवर आणि एक सुपारी वाळवायच्या अंगणात पत्र्याखाली. तार एकच, फक्त तिला चार तोंडं फुटली. पाहुणा आला की त्याला बाग दाखवायच्या आधी हे फोन दाखवले जात. त्याची बायको पार्वतक्का स्वयंपाकघरातल्या फोनला हात लावत नसे, कारण तिला कोणाचा फोन येतच नव्हता.

मला हे सगळं ठाऊक, कारण मी शेजारी. आमच्याकडे मजूर मिळत नाहीत, म्हणून एकमेकांच्या बागेत आलटून-पालटून राबायचं ही जुनी रीत आहे. त्याच्याकडे फवारणी असली की मी जायचं, माझ्याकडे असली की त्याने यायचं. तो स्वतः कधीच आला नाही. मुलाला पाठवायचा, श्रीपादला. श्रीपाद चांगला मुलगा होता. ज्याच्याबद्दल दुसरं काही सुचत नाही त्याला आमच्या भागात चांगला मुलगा म्हणतात. तिशी उलटली तरी त्याचं लग्न होत नव्हतं. त्यात त्याचा दोष नव्हता, एवढं मी कबूल करतो. आमच्या मुली आता बागेत नांदायला येत नाहीत. त्या बेंगळुरूला जातात आणि तिथे चौथ्या मजल्यावर डब्यात तुळस लावतात.

अशात सागर तालुक्याकडचं नागश्रीचं स्थळ आलं. मुलगी बेंगळुरूत नोकरीला, कंप्युटरवरचं काम, आणि तरी म्हणाली की मला गावात राहायला आवडेल. ठरवायच्या बैठकीत दोन्हीकडची मोठी माणसं बसली होती. ती स्वतःच पुढे येऊन म्हणाली, "माझं काम घरून चालतं, पण त्याला इंटरनेट लागतं. दिवसभर लागतं. ते असेल तर मी येते."

गणपय्या मांडीवर थाप मारून हसला. घरात तार आहे म्हणाला, तारेतून काय पाहिजे ते येईल, हा माझा शब्द. हातात पान-सुपारी घेऊन शब्द दिला. मी तिथेच बसलो होतो, मीही ऐकला. खोऱ्यात तारेचं घर एकच उरलं होतं, त्यामुळे मुलगी त्याच घरी जाणार हे उघडच होतं. गणपय्याने मात्र ते स्वतःचं कर्तृत्व समजलं.

लग्न झालं, आणि टेलिफोनवाल्यांचा उमेश नावाचा लाइनमन मोटारसायकलवरून येऊन माडीवरच्या खोलीत एक छोटी पेटी बसवून गेला. हा उमेश म्हणजे कंत्राटावरचा माणूस. याचं अर्धं काम जेवणाच्या आधी आणि अर्धं कधीच नाही. जेवला, पिशवीभर सुपारी घेतली आणि वर बघत म्हणाला की दिवे लागलेत म्हणजे झालं.

त्या थंडीत सुपारी सोलायला आम्ही सगळे त्यांच्या अंगणात बसलो होतो. पार्वतक्काने सुनेला विचारलं की हे ओसरीवरून बोलतात आणि तू वरून काम करतेस, तार एकच, मग दोघांचं एकमेकांत मिसळत कसं नाही. मुलगी विळीवरून हात न काढता सांगू लागली. सासूला ती अत्ते म्हणायची आणि सासऱ्याला मावा.

"अत्ते, यक्षगानात गाणारा भागवत खालच्या सुरात गातो आणि चंडे ढोल वर कडकडतो. दोन्ही एकाच हवेतून येतात, पण तुम्हाला वेगवेगळे ऐकू येतात ना? तसंच आहे. मावांचं बोलणं तारेत अगदी खालच्या सुरात जातं. माझं काम फार वरच्या सुरात जातं, इतक्या वरच्या की माणसाच्या कानाला ते ऐकूच येत नाही. तार एकच, पण ज्याची त्याची पट्टी वेगळी."

"मग तुला काही त्रास नाही ना?"

"वरचा सूर लवकर दमतो. एक्स्चेंज आपल्यापासून लांब, त्यामुळे आपल्यापर्यंत येता येता थोडंच उरतं. तेवढं मला पुरतं. फक्त वाटेत सांधे नीट हवेत, आणि हे चारी फोन त्या वरच्या सुरात लुडबुड करतात, तेवढं थांबवायला हवं."

ते थांबवायला तिने शहरातून अंगठ्याएवढ्या चार डब्या मागवल्या. फोन आणि तार यांच्यामध्ये एकेक लावायची, म्हणजे फोनला फक्त खालचा सूर मिळतो आणि वरच्याला तो हात लावत नाही. तीन फोनांना लागल्या. ओसरीवरच्या फोनची डबी गणपय्याने दुसऱ्या दिवशी उपटून टाकली. म्हणाला की माझा आवाज बारीक होतो. सिरसीहून कोणीतरी, "आज आवाज बरा येतोय, ओरडत नाहीयेस," असं म्हणालं होतं, आणि तेच त्याला लागलं. त्यानंतर तो बोलायला बसला की वर पोरीचं काम अडखळायचं, आणि तो तर सकाळभर बसायचा. तिने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग सांगायचं सोडलं आणि ती पहाटे उठून कामाला बसू लागली. श्रीपाद तिच्यासाठी कषाय घेऊन वर जायचा. तेवढं त्याला जमायचं.

पावसाळा आला तो घडाघडाने सुपारी कुजवत आला. कोळे रोग लागला की पोफळीखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडतो आणि माणसाला जेवण जात नाही. त्यावर औषध एकच, बोर्डो. मोरचूद एका पिंपात, चुना दुसऱ्या पिंपात, दोन्ही एकत्र ओतायचे आणि घडाघडावर मारायचं. पहिली फवारणी ज्येष्ठात झाली. मी पंप मारला, वर पोफळीवर बीरा गौडा होता. पायात दोरीची कडी, कमरेला कोयता, एका झाडाचा शेंडा वाकवून दुसऱ्यावर जाणारा असा गडी आता आमच्याकडे औषधालाही मिळत नाही. पूर्वी मजुरीला येणारा गौडा अंगणाच्या कडेला उभा राहून हाक मारायचा. आता आम्ही त्याला हाका मारतो आणि तो कोणाकडे यायचं ते ठरवतो. गणपय्या अजूनही त्याला अंगणाच्या कडेलाच, वेगळ्या पेल्यात पाणी द्यायचा. बीरा ते पाणी प्यायचा नाही. पेला तसाच ठेवून कामाला लागायचा.

त्याच आठवड्यात तार खरखरू लागली. रस्त्यावरच्या खांबापासून घरापर्यंत ती झाडाझाडाला बांधत आणलेली. बागेच्या कडेच्या फणसावर एक सांधा होता. मागल्या पावसात फांदी पडून तार तुटली, तेव्हा उमेशने दोन टोकं पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी सुटली, पाणी आत गेलं. नागश्रीने उमेशला फोन केला, तो येतो म्हणाला. पुन्हा केला, पुन्हा येतो म्हणाला.

गणपय्याला उमेशची गरज वाटली नाही. तो फणसाखाली उभा राहून वर बघत होता, मी आणि श्रीपाद पिंप धूत होतो.

"ओल लागली की सुपारी कुजते," तो म्हणाला. "तार का नाही कुजणार? मोरचूद म्हणजे तांबं, तार म्हणजे तांबं. घरचं औषध घरात असताना लाइनमनचे पाय का धरायचे?"

मी म्हणालो, "गणपय्या, तो सांधा आहे, घड नाही."

"तू तुझी बाग बघ."

माझीच बाग बरी असती तर मी त्याच्या बागेत कशाला उभा असतो, पण ते असो. पिंपाच्या तळाशी उरलेला गाळ त्याने श्रीपादला काढायला लावला. बोर्डो बरोबर झालं का हे बघायला आम्ही कोयत्याचं पातं बुडवतो. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडलाय आणि असं औषध पानं जाळतं. त्या गाळात पातं लालभडक झालं. मी दाखवलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, तारेला पानं नसतात. मग श्रीपाद शिडीवर चढला, पट्टी सोलून काढली, उघड्या सांध्यावर ब्रशने निळा लेप दिला आणि वर पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुंध्याचं रुंद साल, टोपीसारखी बांधली, आमच्याकडे घडांना बांधतात तशी.

संध्याकाळी नागश्री खाली आली आणि तिला ते दिसलं. ती ओरडली नाही. ते सांध्याला खातं, ती विरी पाणी आतच धरून ठेवेल, उद्या उन्हात काढून पुसूया, असं ती श्रीपादला म्हणाली. श्रीपाद म्हणाला, अप्पय्यांनी लावलंय. जणू देवाने लावलंय. ते उद्या काही आलं नाही.

मध्ये उघडीप पडली आणि खरखर थांबली, कारण सांधा वाळला. झालं. गणपय्याने चार दिवस ओळखीतल्या प्रत्येकाला फोन करून तारेला बोर्डो मारायचा सल्ला दिला. माझ्या गोठ्यात म्हशीनेसुद्धा तो ऐकला. काही शहाण्यांनी तो घेतलाही असेल, आमच्या भागात शहाण्यांची कमी नाही.

मग आश्लेषाचा पाऊस लागला. पाऊस म्हणजे नुसतं पाणी नव्हे. चूल पेटत नाही, अंथरूण वाळत नाही, पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी होऊन सोलते आणि जळवा धोतराच्या आत कुठून शिरतात ते कळत नाही. दुसरी फवारणी लांबत होती. बागेत चाललं की पायाखाली कुजलेली सुपारी पचपचायची. घरोघरी सगळे आकाशाकडे बघत होते, पाऊस उघडला की बीरा गौडा पहिल्यांदा कोणाकडे, एवढाच प्रश्न. तो डोंगरापलीकडे राहतो, तिथे रेंज आहे. ज्याचा फोन आधी लागेल त्याची बाग आधी.

नागश्रीचं वेगळंच काम त्याच दिवसांत अडकलं होतं. पावसात बोलणं तुटतंय म्हणून ऑफिसातली माणसं कुरकुरत होती. तिच्या वरच्या बाईने सांगितलं होतं की गुरुवारी सकाळी आपण सगळे बोलू, त्यात तुझी तार टिकली तर घरून काम चालू ठेव, नाही टिकली तर सोमवारपासून बेंगळुरूला ये. पार्वतक्काने हे मला ओढ्यावर कपडे धुताना सांगितलं. ती पोरगी गेली तर मी पुन्हा या दोघांबरोबर एकटी, असंही म्हणाली. नवऱ्याबद्दल ती एवढं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

गुरुवारी पहाटे पाऊस थांबला. मी उजाडायच्या आत डोंगर चढून खडकापाशी गेलो आणि बीराला फोन केला. तो म्हणाला, येतो. मग परतताना गणपय्याच्या अंगणातून खाली उतरलो, कारण ओढ्याला पाणी होतं आणि साकव त्याच्या बाजूला आहे. त्याची ओसरी तापलेली होती.

फोन मेला होता. गणपय्या रिसीव्हर कानाला लावत होता, खालचं बटण दाबत होता, पुन्हा लावत होता. आवाजच नव्हता, नेहमीची घूंसुद्धा नव्हती. अंगणातला बघितला, स्वयंपाकघरातला बघितला. सगळे मेले होते. मग तो माडीवर गेला, आणि त्याच्या मागून छत्री धरून श्रीपाद. घरात कशाला छत्री, तर वडील मघाशी अंगणात होते आणि मिटायला कोणी सांगितलं नव्हतं. मीही गेलो. मला बघायचं होतं, खोटं कशाला बोलू.

वर पोरगी कानाला हेडफोन लावून बसली होती आणि पेटीचे दिवे लुकलुकत होते. तिचं चालू होतं. हळू, पण चालू होतं. गणपय्या त्या दिव्यांकडे असा बघत राहिला की जणू घरात चोर सापडला.

"बघा," तो मला म्हणाला. "माझा मारून हिचं चाललंय."

तिने कानावरचं काढलं. "मावा, तुमचा मी मारला नाही. त्या सांध्यात एक तार खाऊन तुटली असणार. खालच्या सुराला अखंड तार लागते, तो तिथेच अडकतो. वरचा सूर एवढीशी फट उडी मारून जातो. म्हणून माझं कसंबसं चाललंय. पाच मिनिटांत माझी मीटिंग सुरू होत्येय. तुम्हाला बीराला फोन करायचाय ना? नंबर द्या, यातून लागतो. आत्ता लावून देते, तुम्ही बोला."

मी गणपय्याला ओळखतो. त्या क्षणी त्याने नंबर सांगितला असता तर त्याची बाग, पोरीची नोकरी, मुलाचं लग्न सगळं वाचलं असतं. बीरा मला येतो म्हणाला असला तरी दुपारनंतर त्याच्याकडे गेला असता. पण सुनेच्या पेटीतून बोलायचं म्हणजे तिच्या खोलीत, तिच्या खुर्चीवर, तिने दिलेलं कानात घालून बोलायचं. तेवढं त्याच्याने होईना.

"माझी तार," तो म्हणाला. "माझ्या तारेवर मी बोलणार. तू पीत्येस म्हणून ती सुकलीये. आधी हे बंद कर."

"मावा, आत्ता तुटलं तर या ओलीत पुन्हा जुळणार नाही. आत्ता धरून ठेवलंय म्हणून टिकलंय. माझं आज तुटलं तर मला परत बोलावतील."

"आधी घर. मग तुझं ऑफिस."

तिने श्रीपादकडे बघितलं. श्रीपाद छत्रीच्या मुठीकडे बघत होता. म्हणाला, "अप्पय्या रागात आहेत. जरा थांब ना." कोणाला थांब म्हणाला ते त्यालाच ठाऊक. पण थांबलं कोणीच नाही. गणपय्याने वाकून पेटीची तार भिंतीतून ओढली. दिवे गेले. मग तो धाडधाड जिना उतरून ओसरीवर आला आणि फोन कानाला लावून उभा राहिला. फोन मघाशी होता तसाच मेलेला होता.

पोरीने तार परत लावली. या पेट्या आधी एकमेकींना हाका मारतात, इकडची एक्स्चेंजातल्या पेटीला आणि तिकडची इकडे, आणि खरखर किती आहे ते बघून किती भरभर बोलायचं ते ठरवतात, असं तिने मागे सांगितलं होतं. दिवा लुकलुके, स्थिर होतो होतोसं वाटे आणि पुन्हा लुकलुके. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला. ती पेटीकडे बघत हात मांडीवर ठेवून बसली होती. मला त्या घराची किळस आली. मी खाली उतरून साकवावरून घरी आलो.

सर थोडीच टिकली. बीरा आला, माझ्या पोफळीवर चढला. थोड्या वेळाने गणपय्या माझ्या बांधावर येऊन उभा राहिला. चपला हातात, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या बागेत आला तो असा. माझ्याशी न बोलता त्याने मान वर करून हाक मारली, "बीरा, इथलं झालं की माझ्याकडे ये."

बीराने वरून खाली बघितलं नाही. एका शेंड्यावरून दुसऱ्यावर गेला आणि तिकडून म्हणाला, "हेगडेरे, इथलं झालं की मंजुनाथांकडे, मग शंभू भटांकडे. त्यांचे फोन आले होते."

"माझा फोन बंद आहे."

"मग चालू झाला की करा."

गणपय्याने चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. वरच्या फवाऱ्याचं निळं पाणी त्याच्या पायावर ठिबकत होतं. मग गेला. मी हसलो नाही, हे माझं मोठेपण समजा. त्याच्या बागेत त्या वर्षी निम्मी सुपारी गळली.

नागश्रीला सोमवारी हजर व्हायला सांगितलं होतं. ती रविवारी निघाली. पार्वतक्काने बरणीभर अप्पेमिडी कैऱ्यांचं लोणचं जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून दिलं. पोरीने सासूच्या पाया पडून सासऱ्याला, येते, म्हटलं. तो बाकावरून म्हणाला, गणेशचौतीला ये. जणू ती माहेरी चालली होती. श्रीपाद बसपर्यंत पिशवी घेऊन गेला. तिने त्याला विचारलं, तुम्ही येताय का माझ्याबरोबर. तो म्हणाला, फवारणी झाली की. हे मला बसच्या कंडक्टरने सांगितलं, म्हणजे तिने हळू विचारलेलं नव्हतं.

ती गेल्यावर उमेश उगवला. विरी काढली तर आतला सांधा हातात चुरून आला, हिरवा भुगा. त्याने नवी तार टाकली, नवा सांधा डबीत बंद केला, जेवला, सुपारी घेऊन गेला. फोन खणखणीत झाला. माडीवरच्या पेटीचे दिवे आता दिवसभर न लुकलुकता जळत होते. पार्वतक्का रोज ती पेटी फडक्याने पुसायची. गणपय्या फोनवर सांगायचा की सुनेला मोठ्या कंपनीने खास बोलावून घेतलंय.

श्रावण सरता सरता तिसरी फवारणी त्याच्याकडे आली. रीतच अशी की त्याने मला श्रीपाद दिला होता, म्हणून मी गेलो. काम आटोपल्यावर श्रीपाद खाली बागेत पंपाची नळी धूत होता. मी ओसरीच्या पायरीवर कषाय पीत बसलो होतो आणि गणपय्या बाकावर. फोन वाजला. या माणसाचा फोन एवढा मोठा बोलतो की बाजूला बसलेल्याला दोन्हीकडचं ऐकू येतं.

"मावा, मी नागश्री. यांना फोन द्या."

"तो बागेत आहे."

"मग निरोप द्या. ऑफिसने मला इथेच कायम केलंय. मी घर बघितलंय, उद्या सही करायची आहे. एकटीसाठी की दोघांसाठी, ते त्यांनी आज सांगायचं. संध्याकाळपर्यंत मी फोनपाशी आहे. त्यानंतर विचारणार नाही."

"बरं," गणपय्या म्हणाला आणि रिसीव्हर खाली ठेवला. हळू ठेवला. मग पानाचा डबा उघडून सुपारी कातरायला लागला. माझ्याकडे बघितलं नाही. मी कषायाचा पेला खाली ठेवला आणि वाट पाहिली.

श्रीपाद वर आला. कोपरापर्यंत हात निळे, केसांतून पाणी गळत होतं. "कोणाचा फोन, अप्पय्या?"

"राँग नंबर."

मी इतक्या वर्षांत त्या ओसरीवर पुष्कळ खोटं ऐकलं होतं आणि गिळलं होतं. ते मात्र गिळवेना. "तुझ्या बायकोचा होता," मी म्हणालो, आणि तिचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. घराचं, सहीचं, संध्याकाळपर्यंतचं, नंतर विचारणार नाही हेही. गणपय्याचा अडकित्ता चालू राहिला. आतून पार्वतक्का दारापाशी येऊन उभी राहिली होती. तिने पदर तोंडाशी धरला होता आणि ती मुलाकडे बघत होती.

श्रीपाद फोनकडे बघत उभा राहिला. उन्हं पोफळींच्या मागे चालली होती, पण संध्याकाळ व्हायला अवकाश होता. फोन त्याच्यापासून एका हातावर होता. हात थोडा पुढे गेला. मग त्याने तो मागे घेतला आणि बाकाकडे वळून विचारलं, "अप्पय्या, करू का फोन?"

गणपय्याने सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "आधी हात धू," तो म्हणाला. "निळे हात त्याला लावू नकोस."

श्रीपादने आपल्या हातांकडे बघितलं. मग तो घराला वळसा घालून मागे विहिरीवर गेला आणि रहाट करकरायला लागला. एक कळशी झाली, दुसरी झाली, मग मोजायचं मी सोडलं. मोरचुदाचा निळा रंग पाण्याने लवकर जात नाही, ते त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. पार्वतक्का दारातून हलली नाही. मी उठलो, कोयता कमरेला लावला आणि कोणाचा निरोप न घेता निघालो. साकवावर पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि मागे तो अजून पाणी काढत होता.